मोहाखालची आग

पूर्व विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली व गोंदिया या जिल्ह्यांत शिमग्याच्या सुमारास मोह फुलू लागतो. पहाटे गळणारी फुले पाचोळ्यात हरवू नयेत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा मोकळी करण्याची वहिवाट आहे. जागा स्वच्छ होते, माणूस पुढच्या झाडाकडे वळतो आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर तीच आग वनात शिरते. तेंदूला कोवळी पाने भरपूर फुटावीत म्हणून झुडपे पेटविली जातात, ती आग निराळीच.

याविषयी बोलू जाता गावोगाव एकच उत्तर मिळते: वाडवडिलांनीही जाळले, तरी जंगल टिकलेच ना? हा सवाल उडवून लावण्याजोगा नाही. जमिनीत ओल असताना लागलेली आग पाल्यावरून मंद सरकते व पुष्कळदा आपोआप विझते. वनखातेही आपल्या जाळरेषा उन्हाळा तापण्यापूर्वी जाळून घेते, ते याच कारणाने. परंतु हवामान आता पूर्वीचे राहिलेले नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च हा भारतातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. तापलेली हवा गवतातील व पाल्यातील ओल लवकर शोषून घेते. काडी तीच असली, तरी वाडवडिलांची आग आणि आजची आग एक नव्हे.

अशा आगीत मोठा साग किंवा मोह बहुधा मरत नाही. म्हणून काही बिघडले नाही असे वाटते. जळतात ती रोपे. मोहाचे बी पावसाच्या तोंडाशी पडून रुजते आणि त्या रोपाचा पहिलाच उन्हाळा आगीत जातो. म्हणून कित्येक गावांत जुने मोह उभे दिसतात, पण त्यांच्या हाताखाली वाढणारे तरुण झाड आढळत नाही. (तेलासाठी बी वेचून नेले जाते, हेही त्याचे एक कारण आहे.) थोराड झाडांच्या बुंध्यावर होरपळीच्या जखमा राहतात, तेथून कीड व बुरशी आत शिरते आणि खोड पोकळ होते. पाचोळ्याचे पांघरूण गेलेल्या जमिनीवर मृगाचा पाऊस सरळ आदळतो. सुटलेली माती धानाच्या बांधीत व बोडीत येऊन बसते. वनाचे नुकसान शेताच्या खात्यावर पडते ते असे.

पावसाळ्यात रोपे लावण्याचे आकडे मोठ्या उत्साहाने कळविले जातात. त्याच वनात आपोआप उगवलेली, खोल मूळ धरलेली रोपे दर वर्षी फुटतात व दर वर्षी जळतात; त्यांची गणती मात्र कोणी करीत नाही. पिशवीतल्या रोपापेक्षा हे मूळ उन्हाळ्याला अधिक टिकणारे आहे. ते चार-पाच वर्षे आगीपासून राखले, तर पुष्कळ ठिकाणी खड्डे खणण्याची गरज उरणार नाही.

पाला जाळण्याऐवजी खराट्याने बुंध्यापासून दूर ओढून ठेवावा. तो पावसात तेथेच कुजतो. झाडाखाली जाळी अंथरली, तर झाडण्याचेही श्रम वाचतात व माती न लागलेले फूल हाती येते. अर्थात हे काम बहुतेक घरांत बायकांवर पडते आणि जाळीला पैसा लागतो. तेव्हा नुसता उपदेश करून भागणार नाही. बांबू व तेंदूच्या उत्पन्नातून ग्रामसभेने जाळ्या पुरवाव्यात. तेंदूला पाने येण्यासाठी खुटकटाई पुरे होते, आगीची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने छाटणी व आग टाळण्यासाठी तेंदूपाने तोडणेच सोडून दिले आणि बांबूवर भिस्त ठेवली. प्रत्येक गावाला हे परवडेल असे नाही. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेल्या हक्कानुसार जेथे ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करते, तेथे आग लावली जाणार नाही ही अट करारात घालणे तिच्याच हाती आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने ही सभा माघातच बोलवावी आणि जाळ्यांची मागणी, राखणीच्या पाळ्या व कराराची अट त्याच बैठकीत ठरवून घ्यावी. मोह गळू लागल्यावर सभेला माणसे मिळत नाहीत. ती पहाटेपासून झाडाखाली असतात.