समुद्र आपला, अभ्यास कोणाचा?

१ जुलै २०२४ रोजी 'बेरिल' चक्रीवादळ ग्रेनेडा देशाच्या कॅरियाकू या लहानशा बेटावर आदळले आणि काही तासांतच तेथील जवळजवळ प्रत्येक इमारतीला त्याचा तडाखा बसला. बार्बाडोसवरून वादळाचा केंद्रबिंदू गेला नव्हता. तरीही उसळलेल्या लाटांनी ब्रिजटाऊनच्या बंदरातील मासेमारी नौकांची वाताहत केली. अशा आपत्तीनंतर मदतीची जहाजे येतात, सहानुभूतीचे संदेश येतात. त्यांच्या पाठोपाठ काही रोकडे प्रश्नही उभे राहतात. खारफुटीचे वन किती उरले? प्रवाळाच्या कोणत्या रांगेने लाटांचा जोर मोडला आणि कोणती आधीच मेलेली असल्याने तो मोडू शकली नाही? नौका पुन्हा किती बांधावयाच्या, आणि तेवढ्यांना पुरेल इतका मासा त्या पाण्यात आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे जो देतो, तोच पुढे किनाऱ्याचे भवितव्य ठरवितो. म्हणून ही उत्तरे देण्यास समर्थ माणसे कोणी घडवावयाची, कोठे घडवावयाची आणि कोणाच्या पैशाने, हा केवळ विद्यापीठीय चर्चेचा विषय नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे. कॅरिबियन बेटांनी गेल्या चार दशकांत पर्यावरण आणि किनारी साधनसंपत्ती यांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा जो प्रयोग केला, त्याकडे समाजवादी कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावयाचे ते याच कारणासाठी.

प्रस्तुत लेखकाने वर्षानुवर्षे पदव्युत्तर वर्गांना सर आर्थर लुईस यांचा अमर्याद श्रमपुरवठ्याचा सिद्धांत शिकविला. लुईस हे सेंट लुशिया बेटाचे. १९३० नंतरच्या दशकातील वेस्ट इंडियन कामगारांच्या उठावांवर त्यांनी लिहिलेली पुस्तिका १९३९ साली लंडनच्या फेबियन सोसायटीने प्रसिद्ध केली होती. १९७९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सिद्धांताची आकृती आम्ही फळ्यावर काढीत असू. तीत श्रम होते, भांडवल होते, मजुरी होती. समुद्र मात्र कोठेच नव्हता. हा दोष एकट्या लुईस यांचा नव्हे. आमच्या पिढीचे सारेच अर्थशास्त्र निसर्गाला फुकटचे कोठार समजत आले. बेटांवर राहणाऱ्या माणसांना हा गैरसमज सर्वांत महाग पडला.

साम्राज्यकाळातील संशोधनाचे स्वरूप पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. त्रिनिदादमध्ये १९२० नंतरच्या काळात उष्णकटिबंधीय शेतीचे मोठे 'इम्पीरियल' महाविद्यालय उभे राहिले. साम्राज्यभरच्या मळ्यांना आणि वसाहतींच्या शेतकी खात्यांना तज्ज्ञ पुरविणे हे त्याचे काम. ऊस, कोको, केळी यांवर अभ्यास झाला, कारण त्यांत नफा होता. कोळ्याच्या जाळ्यात काय येते, याची चौकशी करण्याची निकड मळेवाल्यांना नव्हती. पुढे समुद्राचा अभ्यास सुरू झाला खरा; परंतु त्यातही पुष्कळदा परदेशी संशोधक हिवाळ्यात यावयाचे, नमुने न्यावयाचे आणि निष्कर्ष दूरच्या देशांतील नियतकालिकांत छापावयाचे, असाच प्रघात होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलू लागले. वेस्ट इंडीजचे राजकीय संघराज्य १९५८ ते १९६२ अशी जेमतेम चार वर्षे टिकले. परंतु १९४८ साली जमैकात स्थापन झालेले सामाईक विद्यापीठ टिकले. १९६२ साली ते लंडन विद्यापीठाच्या छत्राखालून बाहेर पडून स्वतंत्र झाले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू लुईस हेच होते. राजकारणी ज्या बेटांना एकत्र ठेवू शकले नाहीत, त्यांना क्रिकेटच्या संघाने आणि या विद्यापीठाने एकत्र ठेवले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर १० डिसेंबर १९८२ रोजी सह्या झाल्या त्या जमैकातील माँटेगो बे येथेच. त्या कराराने किनारी राष्ट्रांना दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवर हक्क दिला. बार्बाडोसची जमीन अवघी ४३० चौरस किलोमीटर, लोकसंख्या तीन लाखांच्या आत. आणि वाट्याला आलेला समुद्र जमिनीच्या चारशे पटींहून मोठा! कागदावर सार्वभौमत्व मिळाले. ते पेलण्यास लागणारी माणसे मात्र करारासोबत मिळत नसतात. १९८६ साली याच विद्यापीठाच्या बार्बाडोसमधील केव्ह हिल परिसरात साधनसंपत्ती व्यवस्थापन आणि पर्यावरण यांच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले, त्याचे महत्त्व या संदर्भात आहे. निरनिराळ्या बेटांवरचे विद्यार्थी तेथे एका वर्गात बसतात. किनारा आणि समुद्र, पाणी, हवामानबदल या विषयांचा अभ्यास करतात. त्यात जीवशास्त्राइतकेच कायद्याला, अर्थकारणाला आणि लोकांच्या सहभागाला स्थान आहे. हे विद्यार्थी पुढे आपापल्या सरकारांच्या मत्स्य व पर्यावरण खात्यांत जावेत, ही त्यामागची अपेक्षा.

या शिक्षणाने काय साधले, हे दोन उदाहरणांवरून समजेल. ग्रेनेडीन्स ही बेटांची माळ दोन देशांत विभागलेली आहे. कॅरियाकू ग्रेनेडाकडे, तर उत्तरेकडील बेटे सेंट व्हिन्सेंटकडे. सागरतळाचा उथळ पट्टा मात्र सलग आहे आणि मासा सरहद्द ओळखत नाही. केव्ह हिलच्या संशोधकांनी बेरिलच्या कितीतरी वर्षे आधी येथील कोळी, पाणबुडे आणि बोटवाले यांना बरोबर घेऊन या पट्ट्याचा नकाशा तयार केला. कोठे कोणता मासा मिळतो, कोठे प्रवाळ आहे, कोठे गवताळ तळ आहे, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्यांचे ज्ञान शास्त्रीय मोजणीच्या जोडीला नकाशावर आले. वादळापूर्वी काय होते याची नोंद असेल, तरच वादळाने काय नेले हे सांगता येते. आणि नुकसानभरपाईचा दावाही मांडता येतो.

दुसरे उदाहरण सर्गॅसम या तरंगत्या शेवाळाचे. २०११ सालापासून त्याचे प्रचंड थर या बेटांच्या किनाऱ्यांवर येऊन कुजू लागले. पूर्वीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात या संकटाचा उपाय नव्हता. लोंढा पूर्व कॅरिबियनकडे केव्हा येईल आणि मासेमारीवर त्याचा काय परिणाम होईल, याचा अंदाज देणारे पत्रक याच केंद्रातून निघू लागले. ज्याला उद्या पहाटे नौका पाण्यात घालावयाची आहे, त्याच्या हाती पोहोचणारे हे संशोधन आहे.

यावर व्यवहारी माणसे एक आक्षेप घेतील. इतक्या चिमुकल्या देशांनी स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च कशाला करावा? चार हुशार मुले मायामीला किंवा हॅलिफॅक्सला पाठविली म्हणजे झाले! या हिशेबात एक गोष्ट धरलेली नसते. परदेशी विद्यापीठात विद्यार्थी तेथील प्रश्न घेऊन शिकतो आणि बहुधा तेथेच राहतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २००६ सालच्या एका अभ्यासानुसार बहुसंख्य कॅरिबियन देशांनी आपल्या उच्चशिक्षित श्रमशक्तीचा निम्म्याहून अधिक भाग स्थलांतरामुळे गमावला आहे. लुईस यांना श्रमाचा पुरवठा अमर्याद दिसला होता. शिकलेल्या श्रमाचा तुटवडा हे त्याच बेटांचे आजचे दुःख आहे.

आणि आता तर एक नवा सावकार दारात उभा आहे. २०२१ साली बेलीझने आपले ५५.३ कोटी डॉलरांचे कर्ज सवलतीच्या दराने परत विकत घेतले आणि मोबदल्यात आपल्या समुद्राचा तीस टक्के भाग संरक्षित करण्याचे वचन दिले. २०२२ साली बार्बाडोसनेही याच धर्तीवर व्यवहार केला. कर्जाचा बोजा हलका झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु समुद्राचा कोणता भाग बंद करावयाचा, तेथे कोणाची जाळी थांबणार आणि कोणाच्या पर्यटन नौका चालू राहणार, हे ठरविताना टेबलाच्या एका बाजूला बँका आणि बड्या परदेशी निसर्गसंस्था त्यांचे तज्ज्ञ घेऊन बसतात. दुसऱ्या बाजूला तितक्याच तयारीची, पण बेटावरच्या माणसाला जबाबदार असणारी माणसे नसतील, तर निसर्गरक्षणाच्या नावाखाली गरिबाचा समुद्र गहाण पडण्यास वेळ लागणार नाही.

म्हणूनच या प्रयोगातील उणिवांकडे डोळेझाक करून चालणार नाही. अशा केंद्रांचे संशोधन फार मोठ्या प्रमाणावर परदेशी मदतीच्या प्रकल्पांवर चालते. प्रकल्प तीन वर्षांचा, तर प्रवाळाचे आयुष्य शतकांचे. देणगीदाराचा रस संपला की मोजणी थांबते. १९८३ साली पनामाजवळ काळ्या समुद्रकाट्यांची साथ सुरू झाली आणि सुमारे वर्षभरात साऱ्या कॅरिबियन समुद्रातील बहुतांश समुद्रकाटे मेले. त्यांच्या अभावी शेवाळ माजून प्रवाळ गुदमरले. या हानीचे मोजमाप करता आले, ते काही प्रयोगशाळांनी आधीची वर्षे चिकाटीने नोंदी ठेवल्या होत्या म्हणून. ही चिकाटी केवळ सार्वजनिक पैशावरच टिकू शकते. पण काटकसरीची कुऱ्हाड पहिली पडते ती येथेच. २०१४ साली बार्बाडोस सरकारने आपल्या विद्यार्थ्यांवर विद्यापीठाचे शिक्षणशुल्क लादले आणि प्रवेश घटले. २०१८ साली ते शुल्क मागे घ्यावे लागले. कोळ्याच्या मुलीसाठी पदवीचेच दार बंद झाले, तर पदव्युत्तर वर्गात कोणाची मुले बसतील, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

आपल्याशी या सर्वाचे नाते आहे काय? आहे. लहान मच्छीमारांच्या हक्कांविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१४ साली राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्य समितीने मान्य केली. ती चंद्रिका शर्मा या भारतीय कार्यकर्तीच्या स्मृतीस अर्पण केलेली आहेत. मच्छीमारांसाठी आयुष्य वेचणाऱ्या या बाई त्याच वर्षी बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानात होत्या. भारताच्या किनाऱ्यावरचा लढा आणि कॅरिबियनमधला अभ्यास त्या दस्तऐवजात एकत्र येतात. मच्छीमार हा केवळ मदतीचा लाभार्थी नाही, तो ज्ञानाचा आणि निर्णयाचा भागीदार आहे, हा त्याचा गाभा.

लढ्याला अभ्यासाची जोड नसेल, तर मोर्चा सचिवालयाच्या दाराशी थांबतो आणि आतील अहवाल दुसराच कोणी लिहितो. उलट, अभ्यासाला लढ्याची जोड नसेल, तर तो अहवाल सावकाराच्या कामी येतो. तीन लाखांच्या आतल्या एका देशाच्या भूमीवर, लहान लहान बेटांनी मिळून, या दोहोंना एकत्र आणण्याचे काम अपुऱ्या साधनांनिशी चालविले आहे. कोकणच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या सभेपूर्वी एवढे एकच विचारून पाहावे: आपल्या गावच्या खाडीचा नकाशा कोणी काढला आहे, आणि तो काढताना गावातल्या कोणाला विचारले होते?