नापासांची संध्याकाळ

पाचवी-आठवीत नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात बसवण्याआधी गावोगावी संध्याकाळचे अभ्यासवर्ग हवेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. फेरपरीक्षेसाठी निकालापासून दोन महिने मिळतात. पोलादपूरच्या वाड्यांत ते करवंदे विकण्यात सरतात.

आठवीत अडकलेला मुलगा अठराव्या वर्षी महाड एमआयडीसीच्या गेटवर ठेकेदाराकडे पिंपे हलवायला उभा राहतो. आत प्लांट चालवायचा तर आयटीआयचा एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटर) ट्रेड लागतो आणि त्याला दहावी.

याच एमआयडीसीतल्या बड्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चणे कायद्याने बंधनकारक आहे. दप्तरवाटपाचे फोटो पुरे झाले. या निधीतून संध्याकाळचे वर्ग घ्यायला वाडीतल्याच पदवीधर ताईला मानधन आणि समाजमंदिरात दिवे द्या, तेही येत्या निकालाआधी.