नाव खव्याचे, कडबा कुणाचा?


२०२४ साली कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भूमच्या बाजारपेठेने खुशाल फटाके वाजवावेत. पण किलोभर खव्यासाठी साधारण पाच लिटर दूध आटते. त्या दुधामागे कोरडवाहू ज्वारीचा कडबा आणि मायबहिणींची पहाट आटते. ती कुणी हिशेबात धरली?

१९९९ च्या कायद्याने मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या कार्यालयात नाव नोंदवता येते. हा हक्क पेठेतल्या दुकानदाराएवढाच घरी भट्टी लावणाऱ्या शेतकऱ्याचाही आहे. मागितल्याशिवाय तो कुणी घरपोच आणून देणार नाही.

गावोगाव गट करा, अर्ज भरा. दूध घालणाऱ्यांनी खव्याच्या उताऱ्यावर भाव मागावा. खोक्यावरच्या नावाने गोठ्यातली दावण भरत नाही!