कपाट उघडे ठेवा

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. काम करता करता मुलांनी शिकावे, हा त्याचा गाभा. पण कामातून पडलेल्या प्रश्नाचा माग काढायला ग्रंथालय लागते.

आज अनेक माध्यमिक शाळांत प्रकल्प म्हणजे मोबाइलवरून उतरवलेली चार पाने. त्याऐवजी नववीच्या मुलांना एकच प्रश्न द्या : हिंगणघाटचा कापूस एवढा नावाजलेला का होता? मग 1906 चे वर्धा जिल्हा गॅझेटिअर, मराठी विश्वकोश आणि गावातल्या म्हाताऱ्या कास्तकाराचे बोलणे ताडून पाहायला सांगा. कुठे मेळ बसेल, कुठे बसणार नाही. हे कोण म्हणतो, कशावरून म्हणतो, असे विचारणे आणि ग्रंथाचे नाव, वर्ष, पान वहीत टिपणे, इथेच संशोधनाची सुरुवात होते.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आठवड्याला ग्रंथालयाची एक तासिका, कुलूप नसलेले कपाट आणि संदर्भ शोधायला शिकवणारी एक व्यक्ती पुरते. मुख्याध्यापकांनो, पालकांनो, या सत्रात एवढे कराच.