पगाराला आमिष म्हणणारांनो

बाटगा. हा शब्द तोंडात घोळवताना या लोकांना कसली गोडी लागते कोण जाणे. 'भाकरीसाठी धर्म विकला' म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती येते ती चारी ठाव जेवलेल्या माणसाची असते. उपाशी माणूस असं बोलत नाही. त्याला भाकरीचा भाव ठाऊक असतो.

दोस्तहो, मी ख्रिस्ती नाही. बाबासाहेबांच्या वाटेवरचा आहे. सूतगिरणीत रिंगफ्रेमपुढं उभा राहून तुटलेले धागे सांधतो. शाळा सातवीत सुटली, पुढचं जे वाचलं ते रात्रपाळीच्या सुट्टीत डबा खाता खाता वाचलं. पाद्र्याची वकिली करायला मी बसलेलो नाही, त्याचाही हिशेब खाली करणार आहे. पण मिशनऱ्यांनी कारखाने काढले, दुकानं थाटली, गोरगरिबाला काम देऊन बाटवलं असा जो आरडाओरडा चालतो, त्यात 'काम' या शब्दाची बेअब्रू होते. काम करून खाणाऱ्या मला ती सोसत नाही.

मंगळूरचं घ्या. आपल्या चाळींवर, कोकणातल्या घरांवर जी तांबडी कौलं आहेत त्यांना मंगळुरी का म्हणतात? स्वित्झर्लंडातल्या बाझल गावचं मिशन १८३४ साली मंगळुरात उतरलं. त्यांच्याकडे आले ते जास्त करून बिल्लव. माडावर चढून ताडी काढणारे, दुसऱ्याची जमीन कुळानं कसणारे, ज्यांना देवळात पाय ठेवू देत नव्हते असे लोक. (पुढं १९१२ साली त्याच बिल्लवांनी नारायण गुरूंच्या हातून कुद्रोळीला आपलं स्वतःचं देऊळ उभं केलं. सावकारांच्या देवळाची दारं काही मिशन आल्यामुळं बंद झालेली नव्हती.)

ख्रिस्ती झाल्यावर काय झालं? मिशन म्हणालं, दारूचा धंदा पाप, ताडी सोड. घरचे म्हणाले, घर सोड. त्या मुलखात वारसा मामाकडून भाच्याकडे जायचा, अळियसंतान म्हणायचे त्याला. त्या घरातून तोडला की माणसापाशी अंगावरच्या धडुत्याशिवाय काय उरणार? जमीनमालक म्हणाला, माझं शेत सोड. १८५० साली कंपनी सरकारनं कायदा केला होता की धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही. पण कायदा कलकत्त्यात आणि मालक बांधावर. कोण जिंकणार?

तेव्हा मिशननं धंदे काढले. छापखाना आधीपासून होता. शेती करून पाहिली, घड्याळं करून पाहिली, जमलं नाही. १८५१ नंतर विणकामानं जोर धरला, जॉन हालर नावाचा विणकर तिकडून आला. खाकी रंग त्याच्याच मागावर निघाला असं सांगतात. १८५९ साली व्यापाराची वेगळी कंपनी झाली. आणि १८६५ साली प्लेब्स्ट नावाच्या मिशनऱ्यानं जेप्पूला, नेत्रावतीच्या काठावर, नदीकाठची चिकणमाती दाबून कौलं पाडायला सुरुवात केली. एकात एक अडकणारी सपाट कौलं. गवताच्या छपराला दर पावसाळ्याआधी नवं गवत लागतं, ठिणगी पडली तर वस्ती जाते. कौल पिढी काढतं. ते मुंबईपर्यंत आलं, समुद्रापार गेलं. मग मालपे, कालिकत, फरोक असे कारखाने वाढत गेले. तिथं ख्रिस्ती होते तसे ख्रिस्ती न झालेलेही कामाला होते.

आता सांगा, यात आमिष कुठं आहे? माती तुडवणारा सकाळपासून माती तुडवतो. भट्टीवाला भट्टीपुढं भाजून निघतो. ओलं कौल डोक्यावरून वाहून नेणाऱ्या बाईची मान संध्याकाळी वळत नाही. आणि आठवड्याच्या शेवटी तिच्या हातावर चार नाणी पडली की गावातला जानवेवाला म्हणतो, बघा, हिला लालूच दाखवली. अरे, लालूच फुकट असते! गळाला लावलेलं गांडूळ माशानं कमावलेलं नसतं. हिनं कमावलंय.

आणि गावगाड्यात काय होतं? आमच्या बापजाद्यांना भाकर कशी मिळायची? मेलेलं ढोर ओढ, सरकारी टपाल पोचव, वेशीवर जाग, मढ्याची बातमी दहा कोस ने, आणि संध्याकाळी दारोदार 'जोहार मायबाप' करून शिळं गोळा कर. त्या भाकरीला अट होती. अट अशी, की तू महार म्हणून जन्मलास, महार म्हणूनच मर. धर्मात राहण्याबद्दल मिळणारी भाकर ती. त्या व्यवहाराला वतन म्हणत होते, १९५८ च्या कायद्यानं ते मोडलं. हजार वर्षं भाकर दाखवून आम्हाला एका धर्माच्या उकिरड्यावर बांधून ठेवलं, त्याला कुणी आमिष म्हटलं नाही. परंपरा म्हटलं.

जुनं कशाला, आमच्या गिरणीतलं सांगतो. खंडेनवमीला मशिनींची पूजा होते. हार, नारळ, भटजी, आरती. वर्गणी पगारातनं कापून घेतात, विचारत बी नाहीत. मी एकदा 'माझी कापू नका' म्हटलं तर मुकादम पंधरा दिवस माझ्याशी सरळ बोलला नाही आणि मला सगळ्यात खराब फ्रेम दिली. हा धंद्यातून धर्मप्रचार नव्हे काय? पण तो आपला असतो ना, म्हणून दिसत नाय.

आता पाद्रीसाहेब, तुमच्याकडे वळतो. तुम्ही काम दिलंत. बरं केलंत. पण काम देताना उपकार केल्याचा आव का आणलात? आळस हे पाप, घाम गाळणं ही भक्ती, असं शिकवलंत. माडावर सरासरा चढणाऱ्या माणसाला तुम्ही कष्ट शिकवणार? ज्याच्या हातात हजेरीचं पुस्तक त्याच्याच हातात मंडळीचं पुस्तक. मग मजूर भांडणार कुणाशी? मजुरी वाढवा म्हणावं तर देवाच्या घरचे पैसे मागितल्यासारखं होतं. नफा प्रभूच्या कामाला जातो म्हटल्यावर संपाची भाषा काढायची कुठल्या तोंडानं? मालक वाईट असला तर त्याला शिव्या देता येतात. मालक पुण्यवान असला की कामगार मुका होतो.

आणि ते प्रभूचं काम किती टिकलं? १९१४ साली महायुद्ध पेटलं. मिशनमध्ये जर्मन माणसं होती. इंग्रज सरकारनं त्यांना अटकेत टाकलं, मायदेशी धाडलं, आणि कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेऊन पुढं कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या इंग्रजी कंपनीच्या हवाली केले. दोन्हीकडचे मालक बायबलवालेच. पन्नास वर्षं माती तुडवणाऱ्यांना कुणी विचारलं का, की बाबांनो कारखाना तुम्ही चालवता का? देवळासारखा सांभाळलेला कारखाना कागदाच्या एका तुकड्यानं इकडून तिकडं गेला, मजुरांसकट.

नगरकडे अमेरिकन मिशननंही असंच केलं. दुष्काळात पोरं सांभाळली, हातमाग शिकवले, चर्चिल नावाच्या मिशनऱ्यानं सुधारलेला मागही काढला. मी धाग्यातला माणूस, त्या मागाचं मला कौतुक आहे. पण महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका पंगतीला बसवण्याचा माग काही त्यांना बनवता आला नाही. बाबासाहेबांनी हेच बोट ठेवलं होतं, धर्म बदलला तरी जात बरोबर आली, आणि मिशननं ज्यांच्या जिवावर मंडळ्या भरल्या त्यांच्या दुःखासाठी लढा दिला नाही.

या सगळ्यात मार कोण खातं ते बघा. मध्य प्रदेशानं १९६८ साली कायदा केला, त्यात प्रलोभनाची व्याख्या केली. भेटवस्तू, पैसा, कुठलाही ऐहिक फायदा. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात तर नोकरी हा शब्दच घातलाय. म्हणजे गावात शिवणयंत्रं टाकून चार बायांना काम देणारा ख्रिस्ती माणूस उद्या आरोपी, आणि काम घेणारी बाई पुरावा! तिची अक्कल कुणी धरतच नाही. तिला धर्म कळत नाही, फक्त भूक कळते, हे ठरवणारे तुम्ही कोण?

उलट बाजू बघा. मद्रासेत सूसाई नावाचा चांभार रस्त्याकडेला बसून जोडे शिवायचा. सरकारनं अशा चांभारांना फुकट टपऱ्या वाटल्या. याला नाही मिळाली, कारण हा ख्रिस्ती. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८५ साली कोर्ट म्हणालं, जात उरली एवढं सांगून भागत नाही, ख्रिस्ती झाल्यावरही जाच तितकाच तीव्र आहे हे दाखव. रस्त्यावरच्या चांभारानं! हातात आरी, पुढ्यात फाटका जोडा, आणि पुरावा आणायचा कुठून? राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात तिसरा परिच्छेद आहे. त्यात आधी बहुतेक हिंदूच होते, १९५६ साली शीख आले, १९९० साली आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. म्हणजे धर्म सोडशील तर सवलत काढीन असं सरकारच सांगतं. याला आमिष का म्हणत नाही?

आणि आपल्यातल्या ज्या भाऊलोकांना त्या ख्रिस्ती भावाची टिंगल सुचते, त्यांना विचारतो, १९५६ ते १९९० केंद्राच्या दारात आपण चौतीस वर्षं कसे उभे होतो ते विसरला का? आमच्या वाट्यातलं जाईल ही भीती मला कळते. वाटा वाढवून मागा की. भावाला उंबऱ्याबाहेर ठेवून ताट राखणं आपल्याला शोभत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. तो तिसरा परिच्छेद काढा. कायद्यातल्या आमिषाच्या यादीतून नोकरी खोडा. आणि खेड्यात धंदा काढणाऱ्या मिशनवाल्यांनी रोजी पूर्ण द्यावी, फंड भरावा, युनियन होऊ द्यावी, आणि रविवारी कोण देवळात आलं याची हजेरी घेऊ नये. ज्यांना भांडायचंय त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर लिहावं. पुढचे पंधरा दिवस माझी दिवसपाळी आहे, रात्री उत्तर लिहायला वेळ मिळेल.