छपरीतील ऊब

मार्गशीर्ष सरत आला की आदिलाबादेतील घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : छपरीत बसावे की आत जावे? ‘तुम्ही तर दक्षिणेत राहता, तुम्हांला थंडीची कसली तक्रार?’ असे पुण्या-मुंबईचे पाहुणे आम्हांस विचारतात. त्यांना एकदा पौषातल्या पहाटे आमच्याकडे मुक्कामास बोलवावे. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणारे हेच गाव हिवाळ्यात दहाच्या खाली येते, आणि एखाद्या वर्षी पाच-सहा अंशांवर जाऊन बसते. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, किनवट तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. थंडीने मात्र पैनगंगेचे दोन्ही तीर आजवर एकाच मापाने मोजले आहेत.

आमच्या घरापुढे छपरी आहे. वर पत्रे, एका बाजूस घराची भिंत, उरलेल्या तीन बाजूंस कंबरेइतका कठडा आणि त्यावर लोखंडी जाळी. तेथे एक बाज असते आणि त्या बाजेवर आमच्या मातोश्री. त्यांचे वय ब्याऐंशी. पहाटे दूधवाला, मग कापूस वेचणीस निघालेल्या बाया, मग शाळेची पोरे, असा सगळा रस्ता त्यांच्यापुढून जातो आणि प्रत्येकाशी त्यांचे दोन शब्द होतात. कोणाशी मराठीत, कोणाशी तेलुगूत, कोणाशी दोन्हींच्या खिचडीत. थंडीचे दोन महिने त्यांना आत बसविले तर थंडी टळते, पण माणसेही टळतात. म्हणून छपरी उबदार कशी ठेवावी, हा आमच्या घरी चैनीचा विषय नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही या प्रश्नाचे एक उत्तर काढले होते आणि त्या उत्तराने घात होता होता राहिला. वारा लागू नये म्हणून आम्ही स्वतःच्या हाताने जाळीला तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली आणि बाजेजवळ कोळशाची शेगडी ठेवली. कोळसे चांगले फुलले होते, धूर नावालाही नव्हता. आम्ही समाधानाने आत जाऊन चहा घेत बसलो. अर्ध्या-पाऊण तासाने आमच्या कुटुंबाने हाक मारली, तेव्हा मातोश्रींना उठता येत नव्हते. डोके जड, ओकाऱ्या, बोलणे अडखळलेले. त्यांना उचलून अंगणात आणले, तेथून दवाखान्यात. प्राणवायू लावल्यावर दुपारपर्यंत त्या सावरल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो शेगडीचाच.

धूर नाही म्हणजे भय नाही, ही आमची समजूत तेथे उतरली. फुललेल्या निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्यास वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. त्याचे वजन हवेच्या जवळपास, त्यामुळे तो वर निघून जाईल किंवा खाली बसेल ही आशाही फोल. झोलाच्या कादंबऱ्या आम्ही तरुणपणी इंग्रजीतून वाचल्या होत्या. तो १९०२ साली पॅरिसमधील आपल्या घरी, चिमणी कोंदल्यामुळे, याच वायूने गेला हेही आम्हांस ठाऊक होते. पण पुस्तकातली माहिती स्वतःच्या ताडपत्रीपर्यंत पोहोचावयास वेळ लागतो.

पुढल्या हिवाळ्यापूर्वी आम्ही शाळेतील विज्ञानशिक्षकांस चार दिवस छळले. त्यांनी जे सांगितले त्याचा गाभा असा : हवा तापविणे आणि माणूस तापविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उघड्या छपरीतील हवा तापवाल तर ती हलकी होऊन वर चढेल आणि जाळीतून बाहेर जाईल. तिच्या जागी पैनगंगेवरचा वारा येईल. निखाऱ्याची किंवा तापलेल्या तारेची आच मात्र प्रकाशासारखी सरळ येते आणि वाटेतल्या हवेला फारसे न विचारता अंगावर पडते. विल्यम हर्शेल याने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तांबड्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काही दिसत नाही, तेथे तापमापक ठेवला आणि त्याचा पारा चढला. ती हीच आच. केसलापूरला नागोबाच्या जत्रेत पुष्य महिन्याच्या थंडीत उघड्यावर उतरणारी मंडळी शेकोटीकडे तोंड करून आणि पाठीवर कांबळे घेऊन बसतात; त्यांस हर्शेल ठाऊक असण्याचे कारण नाही. जाता जाता छपराविषयीही सांगावे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते, म्हणून अंगणातील तुळस दवाने भिजते आणि छपराखालची बाज कोरडी राहते. छप्पर स्वतः ऊब देत नाही; आहे ती उधळू देत नाही.

एवढे समजल्यावर निवड बरीच सोपी झाली. पंख्याने गरम वारा फेकणारा ब्लोअर बाद. तेलाचे रेडिएटर बंद खोलीत उत्तम, पण ते मुख्यतः हवाच तापवितात, तेही बाद. चिरंजीव हैदराबादेत नोकरीस असतात. तेथील हॉटेलांच्या गच्चीवर त्यांनी छत्रीच्या आकाराचा उंच गॅस हीटर पाहिला आणि तोच घ्यावा असा आग्रह धरला. आम्ही हिशेब मांडला. असा मोठा हीटर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो; म्हणजे १४.२ किलोची टाकी पंधरा-वीस तासांत रिकामी. शिवाय त्याची तापलेली टोपी आमच्या ठेंगण्या पत्र्याच्या अगदी जवळ येणार, आणि वारा फार म्हणून कोणी पुन्हा ताडपत्री ओढली तर शेगडीचीच कथा. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या कॅफेंना उघड्यावर असे हीटर लावण्यास २०२२ पासून बंदीच आहे, हे सांगितल्यावर चिरंजीव म्हणाले, “बाबा, आपली छपरी पॅरिसमध्ये नाही.” खरे आहे. पण टाकी तर आपल्याच पैशांची.

शेवटी भिंतीवर बसविण्याचा, लाल तापणाऱ्या नळीचा दीड हजार वॅटचा विजेचा हीटर घेतला. तो बाजेच्या वर सात-साडेसात फुटांवर, पत्र्यापासून आणि वाळत घातलेल्या लुगड्यापासून दूर, तिरपा बसविला. घेताना दोन गोष्टी पाहिल्या : आयएसआय चिन्ह, आणि उडत्या पाण्यापासून बचाव दर्शविणारी ‘आयपीएक्स ४’ ही खूण, कारण पावसाळ्यात जाळीतून शिंतोडे येतातच. वायरमनने लहान प्लग पाहून मान हलविली. पाच-सहा अँपिअरच्या बटणावर एवढे ओझे टाकावयाचे नसते. मोठा प्लग, जाड तार, अर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबी त्याने करून दिली. रोज दोन तासांचे तीन युनिट, महिन्याचे नव्वद. हे नव्वद युनिट आपल्याला बिलाच्या वरच्या टप्प्यात ढकलतात की काय, हे ज्याचे त्याने पाहावे; आम्हांस ढकलले. ताडपत्री वाऱ्याच्या एकाच बाजूस ठेवली आहे, आणि शेगडी अंगणात गेली आहे, उघड्या आकाशाखाली. तेथे पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून पाणी तापते.

मातोश्रींचे मत पहिले आठ दिवस प्रतिकूल होते. “याला राख नाही, याच्यात भरीत भाजत नाही, याच्याभोवती कोणी बसत नाही,” असे तीन दोष त्यांनी काढले, आणि तिन्ही खरे होते. चौथा त्यांनी काढला नाही, तो आम्ही सांगतो : समोरून उबलेल्या माणसाची पाठ गारच राहते. त्यासाठी गोधडी लागते, तिला अजून पर्याय निघालेला नाही.

तिसऱ्या दोषापुरता मात्र अनुभव बदलला. शेजारच्या आजीबाई आता स्वतःची खुर्ची घेऊन येतात. त्यांच्यासाठी हीटर किंचित उजवीकडे वळवावा लागला. आणि दूधवाला, जो पूर्वी पहिल्या फेरीत आमचे माप टाकून जात असे, तो हल्ली गल्ली संपवून शेवटी आमच्याकडे येतो, म्हणजे हात पुढे धरून त्यास पाच मिनिटे उभे राहता येते. चहाला त्यामुळे उशीर होतो. कुटुंबाने तक्रार केली तेव्हा मातोश्री म्हणाल्या, “उभा राहू दे त्याला. त्याच्या सायकलीला कुठे छपरी आहे?”