माणसे मोजल्याशिवाय बोट सुटू नये

वसई-विरारच्या किनारी पाण्यात व्यापारी तत्त्वावर चालणाऱ्या सहलीच्या बोटी आणि जलक्रीडा यांविषयीचा प्रश्न नियमांच्या संख्येचा नसून, क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरलेली बोट धक्क्यावरच अडवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, याचा आहे. आणि या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळेपर्यंत या किनाऱ्यावर सहलीसाठी एकही नवा परवाना दिला जाऊ नये, अशी या पत्रकाची मागणी आहे.

दक्षिणेस उल्हास नदीचे मुख असलेली वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेची खाडी आणि या दोहोंच्या मध्ये रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा असा पसरलेला वाळूचा पट्टा, हे या किनाऱ्याचे रूप आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा, म्हणजे वाहने आणि प्रवासी एकत्र वाहून नेणारी फेरीबोट, सुरू झाली, तर एप्रिल २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडच्या जलसारला जाणारी तशीच सेवा आली. या सेवा नित्याच्या वाहतुकीसाठी आहेत आणि त्यांचे स्वागतच आहे. परंतु पाण्याची वाट लोकांच्या अंगवळणी पडली की त्याच पाण्यात सहलीचा धंदाही उतरतो, आणि त्याच्यावर देखरेख ठेवू शकणाऱ्या यंत्रणा मात्र विखुरलेल्या आहेत. बंदरे आणि बोटींचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, साहसी पर्यटनाची नोंदणी २०२१ च्या राज्य धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे, मासेमारी नौका मत्स्यव्यवसाय विभागाकडे, कायदा-सुव्यवस्था मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे. किनाऱ्याचा काही भाग २००९ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेत, तर अर्नाळा, अर्नाळा किल्ला आणि पाणजू ग्रामपंचायतींच्या हद्दीत. इतकी दारे असलेल्या घरात रविवारी सकाळी बोटीवर चढणाऱ्यांची डोकी मोजण्याचे काम प्रत्येकाला दुसऱ्याचे वाटते.

या विखुरलेपणाची किंमत पालघर जिल्ह्याने चुकवलेली आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या पारनाका किनाऱ्यावरून सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना सहलीला घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. बोटीत दाटी होती आणि अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती, असे त्या वेळच्या वृत्तांतून समोर आले. तेथे वादळ नव्हते, रात्र नव्हती, किनाराही दूर नव्हता. म्हणजे ती बोट निघण्यापूर्वी कोणी थांबवली असती तर त्या मुली वाचल्या असत्या, आणि हे वाक्य लिहिताना संयम राखणे कठीण आहे. त्यानंतर २४ मे २०२२ रोजी मालवण तालुक्यातील तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोन जण दगावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळून पंधरा जणांचे प्राण गेले. त्या धडकेचा दोष प्रवासी बोटीचा नव्हता, तरी तीत परवान्यापेक्षा अधिक माणसे होती, आणि जाकिटे अंगावर चढवण्याची सक्ती प्राणहानी झाल्यानंतर आठवली.

दाटीमुळे बोट का उलटते, हे प्रत्येक प्रवाशाने समजून घेतले पाहिजे. पाण्याच्या पातळीपासून बोटीच्या काठापर्यंत जी कोरडी उंची राहते, ती बोटीची राखीव शक्ती असते. प्रत्येक जादा माणसागणिक ती घटते. माणसे बसलेली असतात तोपर्यंत भार खाली राहतो. ती उभी राहिली किंवा वरच्या मजल्यावर गेली की भार वर सरकतो, आणि छायाचित्रासाठी सगळी एका बाजूला झुकली की बोटीला सरळ होण्याची संधी मिळत नाही. मासेमारी नौका खालच्या कप्प्यात बर्फ आणि मासळीचा भार घेऊन चालण्यासाठी बांधलेली असते, त्यामुळे तिच्यावर बाके आणि छप्पर चढवले की ती प्रवासी बोट होत नाही, उलट अधिक डोलणारी नौका होते. केरळातील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी बुडालेली आणि बावीस जणांचा बळी घेणारी बोट अशीच रूपांतरित मासेमारी नौका होती, आणि ती सूर्यास्तानंतर चालवली जात होती.

वसईच्या पाण्याचा स्वभाव तर वेगळ्या सावधगिरीची मागणी करतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला येथे भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरच्या वर जाऊ शकते, आणि ओहोटीला दोन्ही खाड्यांचे पाणी मुखातून वेगाने बाहेर ओढले जाते. वाळूचे दांडे जागा बदलतात, त्यामुळे मागच्या हंगामात खोल असलेली वाट या हंगामात उथळ असू शकते. हे ज्ञान पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव आणि अर्नाळ्याच्या तांडेलांकडे, म्हणजे बोटीची सूत्रे सांभाळणाऱ्या अनुभवी नाविकांकडे आहे. म्हणून परवाना केवळ बोटीला देऊन भागणार नाही. तो तांडेलाच्या नावाने, ठरावीक पाण्यासाठी आणि भरतीच्या ठरावीक वेळांसाठी द्यावा लागेल. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ पाण्याचे वर्ग पाडण्याची मुभा देतोच; तेव्हा खाडीच्या शांत पाण्यासाठी तपासलेली बोट अर्नाळ्यासमोरच्या उघड्या समुद्रात दिसता कामा नये.

कडक नियमांमुळे स्थानिकांचा रोजगार बुडेल, हा आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे, कारण १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात कोळी आणि मांगेला घरांचे उत्पन्न थांबते आणि पर्यटकांचा पैसा नेमका तेव्हा मोहात टाकतो. परंतु तोच काळ समुद्र सर्वाधिक खवळण्याचा असतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी समुद्रात उलटून सहाशेहून अधिक माणसे गेली, हे कोकणातील घराघरांना ठाऊक आहे. म्हणून पावसाळ्यात सहली पूर्ण बंद ठेवाव्यात, आणि उरलेल्या महिन्यांतील परवान्यांत स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना पहिला हक्क देऊन, त्यांच्या तरुणांना गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या ठिकाणी शासनाच्या खर्चाने जीवरक्षणाचे प्रशिक्षण द्यावे. बाहेरून आलेल्या भांडवलदाराने वेगवान बोटी सोडायच्या आणि प्रवाहात खुंटांना बांधलेली डोल जाळी त्यांच्या पंख्यांनी फाटायची, हा विकास नव्हे.

येथे अर्नाळा किल्ल्याच्या बेटावरील आणि पाणजूवरील रहिवाशांचा वेगळा विचार झाला पाहिजे. शाळा, दवाखाना आणि बाजार यांसाठी होडीवर अवलंबून असलेल्या माणसाची फेरी ही सहल नव्हे. पर्यटकांच्या गर्दीत त्याची जागा जाऊ नये आणि सहलींवरील निर्बंधांच्या नावाखाली त्याची होडी बंदही पडू नये. त्याच्यासाठी स्वतंत्र फेरी, सवलतीचे भाडे आणि ओहोटीलाही कोरड्या पायाने उतरता येईल असा धक्का, हे शासनाचे देणे आहे.

पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सागरी मंडळासह प्रत्येक सहल-धक्क्यावर एक अधिकारी नावानिशी नेमावा, त्याच्याकडे बोट रोखण्याचा लेखी अधिकार असावा, आणि त्याने माणसे मोजून वहीत सही केल्याशिवाय दोर सोडला जाऊ नये. बोटीच्या दोन्ही बाजूंस आणि धक्क्यावर क्षमतेचा आकडा ठळक मराठीत रंगवलेला असावा. बोटीत पाय ठेवण्यापूर्वी जाकीट अंगावर असावे, आणि लहान मुलांच्या मापाची जाकिटे नसतील तर मुलांना घेऊ नये. सहली चालू असेपर्यंत बचाव-बोट तयार असावी, सूर्यास्ताआधी शेवटची बोट धक्क्याला लागलेली असावी, आणि प्रवाशांचा विमा परवान्याची अट असावी. परवानाधारकांची, रद्द झालेल्या परवान्यांची आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांची यादी प्रत्येक हंगामापूर्वी महानगरपालिका, तहसील आणि ग्रामपंचायत कार्यालयांच्या फलकांवर लावली जावी, आणि ज्या धक्क्याचे नाव त्या यादीत नसेल तेथून सुटणाऱ्या सहलीच्या बोटीत वसई-विरारच्या कोणत्याही शाळेने, मंडळाने किंवा कुटुंबाने चढू नये.